वाळा, माकूल आणि माझी एल-फोर एल-फाइव्ह

तीन आठवडे झाले, मला बसता येत नाहीये. उभं राहता येतं, आडवं पडता येतं, पण बसलं की उजव्या कुल्ह्यापासून घोट्यापर्यंत करंट. कारण एकदम फालतू. महापेहून घरी येताना रिक्षा खड्ड्यात अशी काही आदळली की मी आणि माझा डबा दोघं वर उडालो, डबा आधी खाली आला, मग मी. रिक्षावाला म्हणाला "सॉरी हा मॅडम, दिसला नाय", आणि खरंच पाण्याने भरलेला होता तो, दिसला नसणार. मग एमआरआय. डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा कणा उचलला, कमरेजवळच्या दोन मणक्यांच्या मधे पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाले ही तुमची एल-फोर एल-फाइव्ह, इथली गादी बाहेर आलीय, नस दाबतेय. ऑपरेशन वगैरे नको, आराम करा, पुढे वाकू नका, जड उचलू नका. ज्या हाडांच्या जिवावर मी इतकी वर्षं ठाणे-वाशी गाडीत लटकत आले त्यांची नावं मला त्या दिवशी कळली.

तर अशी मी ऐरोलीच्या घरात छताकडे बघत पडलेली असताना बहिणीने दिवाळीच्या सुट्टीत तिचा मुलगा आणून सोडला, "तुला सोबत होईल गं" म्हणून. सोबत कुणाची कुणाला झाली ते जाऊ द्या. ओजस सहावीत आहे, घोडबंदर रोडला राहतो, इंग्लिश मीडियम, आणि येताना एक चार्ट पेपर गुंडाळी करून घेऊन आला होता. प्रोजेक्ट होता प्राण्यांचे दोन गट, वर्टिब्रेट आणि इनव्हर्टिब्रेट, प्रत्येकी दहा, शक्यतो आपल्या आसपास दिसणारे. मधली उभी रेघ त्याने आधीच मारून ठेवलेली, काळ्या स्केचपेनने, जाड. "सोप्पंय मावशी, गूगलवरून प्रिंट काढायच्या नि चिकटवायच्या, दहा मिनटांचं काम." झाले सहा दिवस.

मी त्याला म्हटलं आमच्या वेळी याला पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय म्हणायचे. त्याने तीन वेळा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा "अपुष्टवंशी" झालं, मग नाद सोडला. मला स्वतःला शाळेत असताना हा शब्द एखाद्या घराण्यासारखा वाटायचा, सूर्यवंशी, यदुवंशी, तसे हे पृष्ठवंशी. आता पडल्या पडल्या मोबाइलवर शब्दकोश चाळला तेव्हा कळलं की संस्कृतात वंश म्हणजे बांबू, वेळू. बासरीला वंशी म्हणतात ते त्याच्यामुळेच. म्हणजे पृष्ठवंश हा पाठीतला बांबू! कसलं भारी आहे हे, बांबूला जशी पेरं तसे मणके, एकावर एक. आणि कुळालाही तोच शब्द, एका पेरातून पुढचं पेर, बापामागे मुलगा. एकाच शब्दाच्या पोटात बांबू पण आणि खानदान पण. मी ओजसला हे मोठ्या उत्साहाने सांगितलं, तो म्हणाला "ओके".

पहिला राडा वाळ्यावरून झाला. जुलैमधे आमच्या बाथरूमच्या जाळीतून एक वाळा वर आला होता, तेव्हाही ओजस इथेच होता आणि त्याने फोटो काढून ठेवलेला. तो फोटो त्याने इनव्हर्टिब्रेटच्या खाली "अर्थवर्म" म्हणून लावायला काढला. त्याची चूक नाही, आमचे वॉचमन काका पण त्याला गांडूळच म्हणाले होते आणि वर मीठ टाका असा सल्ला दिला होता. फोटो मोठा करून बघितला. गांडुळाच्या अंगभर वळ्या असतात, याच्या अंगावर बारीक चकचकीत खवले. गांडूळ आखडतं नि लांबतं, हा आखडत नव्हता, सळसळत होता, आणि फोटोत नाही पण मला चांगलं आठवतंय की मधूनच जीभ बाहेर काढत होता. वाळा हा साप आहे हो, बिनविषारी, डोळे म्हणजे दोन काळे ठिपके, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-पिल्लं खाऊन जगतो. बुटाच्या नाडीएवढा जीव पण आत मणक्यांची अख्खी माळ. आणि गंमत म्हणजे या जातीत नर सापडलेलाच नाही, सगळ्या माद्या, एकटीच अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. कुंड्यांच्या मातीत बसून हा साप अर्ध्या जगात पोचलाय, माझ्या बाथरूमपर्यंत यायला त्याला काय लागतंय. ओजस म्हणाला मग त्याला वाळा का म्हणतात, वाळी म्हणायला पाहिजे. बरोबर आहे. तो फोटो रेघेच्या या बाजूहून त्या बाजूला गेला आणि खाली गोंदाचा डाग राहिला.

मग मी म्हटलं प्रिंटबिंट काही नको, रविवारी सकाळी बेलापूरजवळच्या दिवाळे गावाला जाऊ, मासळी बाजारात दोन्ही बाजूचे दहा-दहा काय वीस मिळतील, आणि दुपारचं जेवण पण सुटेल. ऐरोलीहून पनवेल गाडी पकडली, बसायला जागा होती आणि मी मुद्दाम उभी राहिले, लोक संशयाने बघत होते.

दिवाळ्याचा बाजार ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना माहीत नाही त्यांनी बेलापूर स्टेशनला उतरून कुणालाही विचारावं, किंवा नाकाला विचारावं. आम्ही ज्या मावशींकडे नेहमी घेतो त्यांच्यासमोर बोंबलांचा ढीग होता, गुलाबी-पांढरे, एकमेकांवर ओघळलेले, तोंडं उघडी. ओजसने लगेच जाहीर केलं, इनव्हर्टिब्रेट. का तर तो असा लोंबतोय. हातात धरला तर दोन्हीकडून खाली पडला, ओल्या मोज्यासारखा. मावशी हसायला लागल्या, "याला काटा नाय? बघ हा." डोकं उडवलं, पोट साफ केलं, उभा चिरला, कोयत्याचं टोक काट्याखाली सरकवलं आणि एका ओढीत काटा अख्खा बाहेर, पातळ, जवळजवळ पारदर्शक, मधे बारीक बारीक गाठी. बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, म्हणून तर तळायच्या आधी वजनाखाली दाबून ठेवतो आपण, आणि त्याची हाडंही इतकी मऊ की छोटा बोंबील आपण काट्यासकट खातो. पण मणके आहेत. ओजसने त्या गाठी मोजायला सुरुवात केली, तीसच्या पुढे गेला आणि मागून कुणीतरी धक्का दिला, मग पुन्हा एकपासून, मग मावशी म्हणाल्या घरी नेऊन मोज रे बाबा, गिऱ्हाईक थांबलंय. काटा पिशवीत टाकून दिला, फुकट.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदा जाणवली ती म्हणजे आपण मराठीत माशाच्या हाडाला हाड म्हणतच नाही, काटा म्हणतो. मटणात हाड, माशात काटा. म्हणून मुलांना माशाला कणा असतो हे पटकन डोक्यात येत नाही, काटा म्हणजे घशात अडकणारी गोष्ट, आणि तो अडकला की कोरडा भात गिळायचा, एवढंच.

पलीकडे मोरीचे तुकडे कापून ठेवले होते. मोरी म्हणजे शार्क, हे कळल्यावर ओजसचा चेहरा बघण्यासारखा होता, त्याला वाटत होतं शार्क पिक्चरमधेच असतात. प्रत्येक तुकड्याच्या बरोबर मधे एक गोल बटण दिसत होतं, तो मणका. पण हाडाचा नाही. मोरीच्या अख्ख्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या कानाच्या पाळीच्या वर जे मऊ-कडक असतं ना, ते. पाकटाचं (स्टिंगरेचं) पण तसंच. म्हणजे पाठीला कणा आहे पण कण्यात हाड नाही. त्या बटणावर वर्तुळं असतात, झाडाच्या खोडात असतात तशी, आणि अभ्यासक त्यावरून शार्कचं वय काढतात. ओजसने विचारलं कणा म्हणजे हाड नाही तर मग कणा म्हणजे काय? प्रश्न चांगला होता, आणि मला उत्तर येत नव्हतं, मी म्हटलं आधी माकूल बघू.

माकूल घेतले ते दोन प्रकारचे होते, इंग्रजीत स्क्विड आणि कटलफिश. लांबट होते त्यांच्या आतून मावशींनी एक पारदर्शक पात ओढून काढली, प्लास्टिकच्या पट्टीसारखी, वाकवली तर वाकते. दुसरे गोलमटोल, त्यांच्या पाठीत पांढरी होडीसारखी वडी. ही वडी तुम्ही सगळ्यांनी बघितलीय, पक्ष्यांच्या दुकानात मिळते, पिंजऱ्याच्या जाळीला अडकवतात, पक्षी चोच घासतात. आयुर्वेदातलं समुद्रफेस ते हेच. आजी कानात घालायच्या औषधात वापरायची आणि तिला अगदी खात्री होती की तो समुद्राचा फेस वाळून झालेला दगड आहे. तर तो फेस नाही, माकुलाच्या पाठीतला चुन्याचा तराफा आहे, आत बारीक बारीक कप्पे, त्यात हवा आणि पाणी कमीजास्त करून तो जीव हवा तितका वर-खाली तरंगतो. ओजसचं म्हणणं, आत आहे, पाठीकडे आहे, कडक आहे, मग हा कणाच की. आणि बोंबील लोंबतो तरी त्याला कणा. मला त्याची बाजू पटायला लागली होती.

याच माकुलावरून पॅरिसमधे दोन प्रोफेसर भांडले होते हे मी त्या रात्री वाचलं आणि मला फार बरं वाटलं की आमचंच डोकं फिरलेलं नाही. १८३० साल. एकीकडे क्यूव्हिए, प्राण्यांच्या अंगरचनेतला त्या काळचा सगळ्यात मोठा माणूस, त्याने १८१२ मधे प्राण्यांचे चार मोठे गट पाडले होते, कणावाले, मऊ अंगाचे, जोडांचे आणि चक्राकार, आणि त्याचं ठाम मत की या चारांच्या मधे पूल नाही, विषय संपला. दुसरीकडे जोफ्रुआ, त्याचं म्हणणं सगळ्या प्राण्यांचा नकाशा एकच. झालं असं की दोन फारशा माहीत नसलेल्या अभ्यासकांनी एक लेख पाठवला, की कणा असलेला प्राणी मागे दुमडून मान आणि ढुंगण एकत्र आणलं तर आतल्या अवयवांची मांडणी माकुलासारखी होते. जोफ्रुआने तो उचलून धरला, क्यूव्हिए भडकला, आणि पॅरिसच्या विज्ञान अकॅडमीत काही आठवडे जाहीर वाद झाला. माकुलाच्या बाबतीत क्यूव्हिए बरोबर होता, ते दुमडण्याचं प्रकरण काही टिकलं नाही. पण जोफ्रुआचं १८२२ मधलं दुसरं एक म्हणणं होतं, आणि ते मला माझ्याच ओट्यावर सापडलं.

दुपारी कोलंबी सोलत होते. उभ्यानेच, वाकायचं नाही म्हणून ओट्यावर उलटा टोप ठेवून त्यावर परात. पाठीवर चीर देऊन काळा दोरा ओढून काढला तर ओजस ओरडला, "मावशी स्पायनल कॉर्ड!" नाही रे राजा, ते तिचं आतडं, आणि काळं जे दिसतंय ते तिचं कालचं जेवण. मग मज्जातंतूची दोरी कुठाय? ती पोटाच्या बाजूला, पायांच्या मधोमध, बारीक पांढरट, शिजवल्यावर दिसतही नाही धड. आपल्यात बरोबर उलटं. आपली दोरी पाठीकडे, मणक्यांच्या आत सुरक्षित, आतडं पोटाकडे. आपलं हृदय पुढे, कोलंबीचं पाठीत. जोफ्रुआने शेवंड उताणी ठेवून बघितली होती आणि म्हणाला होता, बघा, ही उलटी केली की मांडणी आपल्यासारखी. लोक हसले. गेल्या शतकाच्या शेवटी जीन्सवाल्यांनी, म्हणजे जनुकांच्या अभ्यासकांनी, माशी आणि बेडूक ताडून बघितले, तर पाठ कुठली नि पोट कुठलं हे ठरवणारी जीन्सची जोडी दोघांत तीच निघाली, फक्त उलट्या बाजूंनी काम करणारी. म्हणजे कुठेतरी फार फार मागे आपलं किंवा त्यांचं पारडं पालथं झालंय. मी एक कोलंबी उताणी करून ताटलीत ठेवली आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. आई आतून म्हणाली, कढई तापलीय, बघत काय बसलायत.

तर कणा म्हणजे काय, ते इथे सुटलं. कडक असणं म्हणजे कणा नाही, आत असणंही नाही. पाठीकडून जाणारी मज्जारज्जूची दोरी आणि तिच्याभोवती मणक्यांची माळ, मग ते मणके हाडाचे असोत की कूर्चेचे, तो कणा. माकुलाच्या वडीतून कुठलीही दोरी जात नाही, ती वडी तराफा आहे, संपला विषय. मोरी इकडे, माकूल तिकडे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओहोटीला खाडीवर गेलो, चालायला सांगितलंच होतं डॉक्टरांनी. फ्लेमिंगो अजून यायचे होते, आले की हीच खाडी गुलाबी होते, २०१५ मधे अभयारण्य झालं, २०२२ मधे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, सगळ्यांचे फोटो काढून झालेत. मला चिखल जास्त आवडतो. चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे मासा असून चिखलावर चालणारा मासा, पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखी सरकते, डोळे डोक्यावर टपोरे, अंग ओलं असलं की कातडीतूनही श्वास घेते. आणि तिच्या शेजारी वीतभर अंतरावर ते छोटे खेकडे, ज्यांच्या नराची एक नांगी अंगाएवढी मोठी आणि तो ती ये-ये करून हलवत असतो. दोघांचे डोळे वर, दोघांची बिळं त्याच चिखलात, दोघं एकाच वेळी दचकून आत पळतात आणि एकाच वेळी हळूच बाहेर बघतात. ओजसच्या चार्टवर दोघांच्या मधे काळी जाड रेघ. निवटीचे नातेवाईक त्या रेघेच्या अलीकडचे, म्हणजे मी, ओजस आणि वरून जाणारा बगळा. खेकड्याचे नातेवाईक कोलंबी, झुरळ, कोळी, गोम.

इथपर्यंत रेघ टिकली. मोडली ती उजवीकडच्या रकान्यात. त्याच्या चार्टवर उजवीकडे आता गांडूळ, माकूल, कोलंबी, खेकडा, झुरळ, गोगलगाय, तिसरी (शिंपला), तारामासा असे सगळे एका छताखाली. मी विचारलं यांच्यात सारखं काय आहे? तो म्हणाला बॅकबोन नाही. बरं, आणखी? आणखी काही नाही. आणखी खरंच काही नाही! लग्नाच्या यादीत आपण करतो ना, एका पानावर घरचे, दुसऱ्या पानावर बाकीचे. आता बाकीच्यांच्या पानावर दूधवाला, ऑफिसचा साहेब आणि शाळेतली मैत्रीण असले म्हणून ते तिघं एकमेकांचे पाहुणे होत नाहीत. नाव दिलेल्या दर शंभर प्राणीजातींमधल्या पंचाण्णवहून जास्त या बाकीच्यांच्या पानावर आहेत, एकट्या किड्यांच्याच दहा लाखांच्या आसपास, आणि आपलं घरचं पान सत्तर हजारांच्या आगेमागे. यादी कुणी केलीय ते लगेच कळतं.

बाकीच्यांचं हे पान आधी याहून वाईट होतं. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ मधे प्राण्यांचे सहा वर्ग केले, त्यातले चार कणावाल्यांना, सस्तन, पक्षी, उभयचर आणि मासे (साप-सरडे त्याने उभयचरांतच कोंबले होते), आणि उरलेल्या अख्ख्या दुनियेला दोन, कीटक आणि कृमी. कृमीच्या डब्यात गांडूळ पण, माकूल पण, तारामासा पण. मग १७९३ मधे पॅरिसला राजाच्या बागेचं म्युझियम झालं आणि खाती वाटली गेली तेव्हा कीटक-कृमींचं खातं लामार्कच्या गळ्यात पडलं. तो झाडांचा माणूस, पन्नाशीला टेकलेला. ऑफिसात असं खातं कुणाच्या गळ्यात पडतं ते आपल्याला माहीत आहे. पण या माणसाने ते डबे उघडून साफ केले, कोळी कीटकांतून वेगळे काढले, खेकडे-कोलंबी वेगळी काढली, वळ्यावाले कृमी वेगळे काढले, आणि या सगळ्यांना बिनकण्याचे असं नाव पण त्यानेच दिलं. शाळेत लामार्क म्हणजे फक्त जिराफाची मान आणि त्यावरून त्याची चेष्टा. आणि त्या मानेत मणके किती, तर सात. तुमच्या-माझ्याइतकेच सात, उंदराच्या मानेतही सात. हे मी ओजसला मान मोडत सांगितलं आणि मान मोडली म्हणून फिजिओथेरपिस्टचे बोल खाल्ले.

आता तारामासा. नावात मासा असून मासा नाही, तसे सिल्व्हरफिश आणि जेलीफिश पण नाहीत, नावांवर जायचंच नाही. पण तारामासा बाकीच्यांच्या पानावर बसलेला असला तरी खेकड्यापेक्षा तो आपल्या जवळचा. कशावरून, तर अंड्यातून जीव घडताना पेशींच्या गोळ्याला जे पहिलं भोक पडतं तिथे कोलंबी-माकूल वगैरेंच्या बाजूला बहुतेक वेळा तोंड होतं आणि तारामाशाच्या-आपल्या बाजूला ढुंगण. सहावीतल्या मुलाला वर्गीकरण शिकवायची याहून चांगली पद्धत नाही, तो अर्धा तास हसत होता आणि रात्री फोनवर वडिलांना हेच सांगितलं, "पप्पा, आपलं आधी ते होतं." बहिणीचा मेसेज आला, काय शिकवतेयस त्याला.

आणि मग ते पिशवीवालं प्रकरण. सी स्क्वर्ट म्हणतात इंग्रजीत, समुद्रातल्या खडकांना, जेट्टीच्या खांबांना, बोटीच्या बुडाला चिकटलेली एक मऊ पिशवी, दोन भोकं, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. डोकं नाही, हातपाय नाही, कणा तर नाहीच. पण पिल्लू असताना हीच पिशवी बेडकाच्या पिल्लासारखी पोहत असते आणि तिच्या शेपटीत पाठीकडून एक लवचिक दांडी असते. पृष्ठरज्जू, मज्जारज्जू नव्हे. आपल्या दहावीच्या पुस्तकात समपृष्ठरज्जू प्राणी म्हणतात ना, तो हा रज्जू, कण्याच्याही आधीचा. कोवालेव्हस्की नावाच्या रशियन माणसाने १८६६ मधे हे दाखवून दिलं तोवर लोक तिला शिंपल्यांच्या गोतावळ्यात धरत होते. मोठं व्हायची वेळ आली की ते पिल्लू डोक्याकडून खडकाला चिकटतं, शेपूट जिरवून टाकतं, रज्जू जिरवून टाकतं, आणि मग आयुष्यभर हलत नाही, फ्लॅटचं पझेशन मिळाल्यासारखं. २००६ मधे जीन्स ताडून बघितल्यावर निघालं की कणावाल्यांचं सगळ्यात जवळचं नातं या पिशवीशी आहे. म्हणजे बाकीच्यांच्या पानावर आपली सख्खी चुलत बहीण बसलेली, आणि आपण तिला दूधवाल्याच्या शेजारी जेवायला वाढतोय. पाठीतला बांबू मोजला तर ती परकी, कुळ बघितलं तर घरची.

ओजसने यावर बराच वेळ विचार केला आणि रेघेवरच, म्हणजे अक्षरशः त्या काळ्या रेघेवर, एक पिशवी काढली.

शेवटचं मला एकटीला रात्री सापडलं, झोप लागत नव्हती तेव्हा. तो पृष्ठरज्जू आपल्यातही असतो. आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्यात तयार होतो, आधी दोरी, मग तिच्याभोवती मणके, जन्मतःच्या वेळी तेहेतीस, पुढे खालचे काही जुळून मोठेपणी सव्वीस हाडं. मणके झाले की दोरीचं काम संपतं, ती जागोजागी तुटून नाहीशी होते. मणक्यांच्या आत नाहीशी होते. दोन मणक्यांच्या मधे मात्र उरते, गादीच्या मधोमध जो जेलीसारखा गोळा असतो तो त्या दोरीपासूनच झालेला. आणि स्लिप डिस्क म्हणजे गादीची कड फाटून तोच गोळा बाहेर येणं. म्हणजे माझ्या उजव्या पायात जो करंट येतोय तो हाडामुळे नाहीच. ज्या दोरीमुळे मी आणि ती जेट्टीवरची पिशवी आणि निवटी आणि वाळा एका कुळातले, त्या दोरीचा उरलेला तुकडा रिक्षाच्या धक्क्याने जागेवरून सटकला आणि माझ्या नसेवर बसलाय. मी रात्री अडीचला उठून एमआरआयची फिल्म खिडकीतल्या स्ट्रीटलाइटवर धरून बघितली. बाकीच्या गाद्या पांढुरक्या, ही काळी पडलेली आणि मागे फुगलेली, वाटाण्याएवढी.

सकाळी ओजसला दाखवली. तो म्हणाला चार्टवर लावूया का. मी नाही म्हटलं, पुढच्या तपासणीला लागेल. मग त्याने पेन्सिलने छोटी कॉपी काढली आणि डाव्या रकान्यात दहाव्या नंबरला लावली, खाली लिहिलं "मावशी". नववा नंबर बोंबलाचा काटा, वाळवून, अजून थोडा वास येतोय. उजवीकडे माकुलाच्या जागी समुद्रफेसाची वडी हवी होती, आमची साफ करताना तुटली होती, म्हणून शेजारच्या काकूंच्या लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यातली आणलीय. टोचलेली बाजू खाली केलीय, दिसत नाही. फेव्हिकॉल लावलेला नाही, सेलोटेप लावलाय, कारण शाळा सुरू झाली की सोमवारी संध्याकाळपर्यंत परत द्यायची असं कबूल केलंय, पक्षी आत्तापासूनच चिडचिड करतायत असं काकू म्हणतात.